शंभरी भरलेली चरखी

"सर, ही बघा, अगदी अँटिक वस्तू आहे," असं भोये सरांना म्हणायची चूक जव्हारमध्ये माणूस एकदाच करायचा. सर वस्तू हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. आधी विचारायचे, वय किती? समोरचा म्हणायचा, खूप जुनी आहे हो, आमच्या आजोबांच्या वेळची. "आजोबांचं नाही, वस्तूचं विचारतोय," असं म्हणून सर शर्टाच्या खिशातून भिंग काढायचे आणि वस्तूवरचा एखादा स्क्रू शोधायचे. स्क्रूच्या डोक्यावर अधिकची खूण दिसली की भिंग परत खिशात. "अधिक आहे. शंभराच्या आतली. फार तर विंटेज म्हणा." नुसतीच आडवी खाच असली तर मात्र खुर्ची पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "उणे आहे. बसा, आता बोलू." गणित मी शिकवत होते, पण अधिकापेक्षा उण्याला जास्त मान देणारा माणूस मी तो एकच पाहिला.

हा सगळा खटाटोप मासे धरायच्या चरख्यांसाठी होता. गळाच्या काठीला खालच्या बाजूला दोरा गुंडाळायची जी फिरती चरखी बसवतात, ती. सर तिला रीळ म्हणत. हल्ली तो शब्द उच्चारला की पोरं मोबाईल काढतात, म्हणून मी आपली चरखीच म्हणते.

आम्ही दोघं राहायला जव्हारला आणि शाळा पोशेऱ्याच्या पुढे. सकाळची एसटी एकच, त्यामुळे अकरा वर्षं मी सरांच्या शेजारी बसून गेले आणि शेजारी बसूनच परत आले. ते विज्ञान शिकवायचे. शेतकऱ्याच्या घरातले, घराण्यातली पहिली सरकारी नोकरी त्यांची. तरी भातलावणीच्या दिवसांत रविवारी गावाला जाऊन चिखलात उतरायचे आणि सोमवारी नखांत माती घेऊन फळ्यावर अणूची आकृती काढायचे. पिशवीत डब्याशेजारी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, जुना टूथब्रश आणि बनियनच्या चिंध्या कायम. बसमध्ये कधी कधी तेलाचा वास भाजीला लागायचा. वहिनी त्यावरून बोलायच्या. सर म्हणायचे, गंज तर नाही ना लागला भाजीला.

त्यांचे नियम कडक होते. शंभर वर्षं पूर्ण झाली ती अँटिक. नव्याण्णव वर्षं अकरा महिने चालायचे नाहीत. त्याच्या खालची विंटेज, पण तीही सरसकट नाही. भाग मूळचे हवेत, त्या त्या काळच्या घडणीची खूण हवी आणि अंगावरचा रंग शाबूत हवा. पितळेवर वर्षानुवर्षं हात फिरून, दमट हवा खाऊन जो काळपट तपकिरी रंग चढतो, तो म्हणजे वस्तूचं वय. तो गेला की वय गेलं. ह्यात न बसणारं सगळं 'नुसतं जुनं'. हा हिशोब ते माणसांनाही लावायचे. आमचे मुख्याध्यापक नुसते जुने होते आणि शिपायाची सायकल विंटेज होती. एकदा वहिनींनी वाढता वाढता विचारलं, आणि मी? सर प्रामाणिक माणूस, म्हणाले, पंचावन्न, अजून वेळ आहे. त्या दिवशी भाजी दुसऱ्यांदा मिळाली नाही, हे त्यांनीच मला बसमध्ये सांगितलं.

संस्थानच्या काळात शिकारीला, मासेमारीला पाहुणे यायचे, साहेब लोक यायचे. जाताना काही ना काही मागे राहायचं. काठ्या मोडल्या, जळल्या. चरख्या पितळेच्या, त्या टिकल्या, पण भलत्याच कामाला लागल्या. कुणाकडे चरखीवर पतंगाचा मांजा, कुणाकडे कपड्यांची दोरी ताणायला भिंतीत ठोकलेली, एका घरात तर पोराच्या लाकडी गाडीचं चाक झालेली. सर त्या शोधत फिरायचे. फुकट कधी घ्यायचे नाहीत. वस्तूच्या जागी वस्तू, हा त्यांचा रिवाज. मांजावाल्याला नवी फिरकी, दोरीवाल्याला नवी कप्पी, आणि त्या गाडीला त्यांनी स्वतः सागाचं चाक करून बसवलं. पोरगं म्हणालं, पयलं चाक वाजायचं, हे वाजत नाय. सर खजील झाले आणि दुसऱ्या रविवारी चाकाला खडखडणारी पट्टी लावून आले.

वहिनींच्या साड्यांचं काचेचं कपाट असं हळूहळू चरख्यांनी भरलं. ऐंशीच्या वर होत्या. साड्या ट्रंकेत गेल्या. आणि त्या ऐंशीत अँटिक एकही नव्हती. एखादी ऐंशी वर्षांची, एखादी नव्वदच्या आसपासची, एकीचं वय शंभरीला पोचत होतं पण दांडा बदललेला. दुसरा कुणी असता तर दोन-चार वर्षं इकडची तिकडे करून मोकळा झाला असता. सरांना ते जमायचं नाही. "एक तरी शंभरीची हवी, बाई," असं ते म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज लग्न न ठरलेल्या मुलीच्या बापासारखा व्हायचा.

माझ्या माहेरी माळ्यावर अशी एक चरखी सापडली. मी हौसेनं पितळेची पावडर आणून ती लखलखीत केली आणि सोमवारी बसमध्ये त्यांच्या मांडीवर ठेवली. सरांनी ती उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, "बाई, काल ही पंच्याऐंशी वर्षांची होती. आज कालची झाली." आणि परत दिली. मला इतका राग आला की पंधरा दिवस मी मागच्या सीटवर बसले. राग चरखीचा नव्हता. चारचौघांत माझी हौस त्यांनी अशी परत करायला नको होती. सोळाव्या दिवशी ते आपणहून मागे येऊन बसले आणि नागलीचा लाडू पुढे केला. माफी मागितली नाही. नियम चुकला नव्हता ना त्यांचा.

ठाण्याच्या देसायांची ओळख शिरपामाळला झाली. शाळेची सहल होती. हे गृहस्थ सहकुटुंब आलेले, बोलता बोलता गळ आणि चरख्यांवर विषय गेला, आणि देसायांनी मोठ्या अभिमानानं मोबाईलवर आपल्या अँटिक चरखीचा फोटो दाखवला. सरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, स्क्रूपर्यंत नेला आणि मोबाईल त्यांच्या हातात देऊन म्हणाले, अधिक आहे. देसायांचा चेहरा पडला. पण माणूस मोठ्या मनाचा. तिथेच दगडावर बसून त्यांनी तासभर सगळं समजून घेतलं आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी ते जव्हारला येऊ लागले. एकुलता एक शिष्य. सर त्यांच्यावरही कधी कधी डाफरायचे.

आणि मग काळूबाबा भेटला.

एका सकाळी वाघ नदीच्या पुलाजवळ आमची एसटी पंक्चर झाली. सगळे खाली उतरून कंडक्टरला शहाणपण शिकवत होते. सर एकाएकी मान वाकडी करून ऐकायला लागले. खालून, नदीतून, टिक टिक टिक असा आवाज येत होता. "बाई, ही जुन्या चरखीची चाल आहे," असं म्हणून चांगले इस्त्रीचे कपडे घातलेला हा माणूस दरडीवरून घसरत खाली गेला. मला जावंच लागलं. खाली एका खडकावर काळू हिलम बसला होता. कातकरी, वय साठीच्या पुढे, मिळेल तिथे मजुरी करणारा. हातात बांबूची काठी आणि काठीला जुन्या दोऱ्यानं घट्ट बांधलेली, चॉकलेटी रंगाची पितळी चरखी. तो एक शिवडा मासा ओढत होता आणि चरखी वाजत होती.

शिवडा वर येईपर्यंत सर थांबले. मग त्यांनी हात जोडून ती बघायला मागितली. स्क्रू उणे. दांडा मूळचा. आणि मागच्या पट्टीवर, भिंगाखाली धरल्यावर, चाकूच्या टोकानं बारीक ओरखडून लिहिलेलं साल. सरांनी ते मला वाचायला लावलं, आपल्या डोळ्यांवर भरवसा नव्हता म्हणून. मी वाचलं आणि तोंडी वजाबाकी केली. ब्याण्णव. काळूबाबाच्या आज्यानं कुठल्याशा साहेबाचं सामान वाहिलं होतं. साहेबानं जाताना ती आज्याला दिली, का साहेब विसरला आणि आज्यानं आठवण केली नाही, हे दोन्ही सांगितलं जायचं. बाबा दिवस बघून त्यातलं एक सांगायचा.

सरांनी तिथल्या तिथे मागितली. जागी नवी कोरी आणून देतो म्हणाले. काळूबाबा हसायला लागला. त्यानं विचारलं, ब्याण्णव झाली तर एवढा का थरथरतोस? सरांनी शंभराचा नियम समजावला, तिथेच नदीत उभं राहून, अगदी वर्गात सांगतात तसा. बाबानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग शंभर भरली का ने," तो म्हणाला. "तवर माझा हात चालंल."

आठ वर्षांचा करार झाला. आपल्याकडे शंभर भरतात ते अपराध, पण ह्या दोघांनी चरखीचे भरायला घेतले. दर रविवारी सर नदीवर जायला लागले. काळूबाबाशेजारी स्वतःचा गळ टाकून बसायचे. एकच नदी, तेच गांडूळ, तीच नागलीच्या पिठाची गोळी, पण मासे बाबाकडेच जायचे. बाबा म्हणायचा, मास्तर, तू पाण्याला प्रश्न विचारतोस, म्हणून ते येत नाय. सर नवी चरखी घेऊन गेले तीही बाबानं दोन दिवसांत परत केली. ती फार गुळगुळीत फिरते, मासा लागला का नाही ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आमची बस बाबाच्या वस्तीसमोर थांबली आणि तो रस्त्यावर असला की खिडकीतून एवढंच बोलणं व्हायचं. "मास्तर, किती रायली?" "सहा रायली, बाबा." पुढच्या वर्षी पाच.

मी एकदा रागाच्या भरात बोलून गेले. म्हटलं, सर, तुम्ही एका गरीब माणसाचा हात थकायची वाट बघताय. ते तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रोज सकाळी उठल्यावर मला तेच वाटतं, बाई. पण हवीय मला ती."

हात आधी कुणाचा थकला, तर सरांचा. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी दरड चढणं-उतरणं बंद केलं. नदी बंद झाली. त्याच सुमारास काळूबाबाच्या डोळ्यांवर पडदा आला, गुडघे धरले, आणि त्याचीही नदी सुटली. मुलं भिवंडीकडे बांधकामावर, घरी तो आणि सून जानी. चरखी कुडाच्या भिंतीवर खुंटीला टांगलेली. आता मधली निरोप्या मी. बाबा बसच्या आवाजावरून रस्त्याला यायचा आणि विचारायचा, "बाय, किती रायली?" मी सांगायचे, दोन. संध्याकाळी सरांकडे गेले की सर विचारायचे, बाबा कसा आहे? मी सांगायचे, बरा आहे. दोघांनाही मी बरंच सांगायचे. सरांच्या पायांवर सूज असायची, दोन वाक्यांत दम लागायचा. मला खरोखर भीती वाटत होती, की चरखीचे शंभर भरतील आणि घ्यायला माणूस नसेल. वहिनी एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, ते साल थोडं आधीचं होतं असं सांगा ना त्यांना. मी म्हटलं, वहिनी, साल मला वाचायला लावलंय त्यांनी.

शेवटच्या वर्षी दिवाळीला बाबानं निरोप पाठवला, आता ने. सरांनी उलटा निरोप धाडला, वर्ष पुरं होऊ दे, जानेवारी लागू दे. दोन महिन्यांसाठी अडून बसलेला तो म्हातारा बघून मला हसावं का रडावं कळेना.

जानेवारी लागला त्या सकाळी बाबा आणि जानी एसटीनं जव्हारला आले. डेपोवर मी घ्यायला गेले होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. बाबाचा एक हात जानीच्या खांद्यावर, आणि जानीच्या काखेला नव्या पंच्यात बांधलेलं गाठोडं. सर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसले होते. भिंग पुसून तयार. मी त्यांना एवढं नटलेलं त्यांच्या निरोपसमारंभालाही पाहिलं नव्हतं.

जानीनं गाठ सोडली आणि खोलीत पिवळा उजेड पडला.

चरखी सोन्यासारखी लखलखत होती. तपकिरी रंगाचा एक ठिपका शिल्लक नव्हता. जानी कौतुकानं सांगत होती. दोन रोज घासली. आधी चिंच लावली, मग राख, तरी निघेना म्हणून विटेची बारीक भुकटी. घरातली वस्तू कुणाच्या हाती द्यायची तर मळकी कशी देणार, आणि तीही मास्तरांना, जे आठ वर्षं थांबले. शंभर वर्षांचा मळ होता, म्हणाली, समदा काढला. तिच्या बोटांची टोकं काळी पडून चिरली होती.

सरांनी चरखी हातात घेतली. उलटी केली. भिंग लावलं. मागची पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती, सरांचाच डोळा तिच्यात मोठा होऊन दिसत होता. साल नव्हतं. त्यांनी पट्टी उजेडाकडे तिरकी धरली, पुन्हा बघितलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. बसमधली ती सकाळ मला आठवली, आणि आता ते जानीला काय ऐकवतात ह्या भीतीनं मी वहिनींचा हात धरला. आठ वर्षं मोजलेली वस्तू होती. खरं म्हणजे सगळा जन्म मोजलेली.

"बेस झालं ना, मास्तर?" जानीनं विचारलं. बाबाला दिसत नव्हतं, तो नुसता कान देऊन उभा होता.

सरांनी भिंग मिटवलं.

"बेस झालं," ते म्हणाले. "शंभर भरले, बाबा. अँटिक."

मग बाबाला ऐकू जावं म्हणून त्यांनी दांडा फिरवला. टिक टिक टिक. बाबा तोंडभर हसला, दात होते नव्हते ते सगळे दिसले. सरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, जागी काय देऊ? बाबानं चाचपत त्यांचा सुजलेला पाय शोधला आणि त्यावर हात ठेवला. "तू बी शंभर भर," तो म्हणाला. वहिनी चहा करायच्या निमित्तानं आत निघून गेल्या. जानीला जाताना त्यांनी ट्रंकेतली एक चांगली साडी दिली आणि बोटांना लावायला खोबरेल तेलाची बाटली.

पंधरा दिवसांनी देसाई धावत आले. सरांची शंभरीची चरखी बघायला ठाण्याहून रजा काढून आले होते. मीही तिथेच होते. सरांनी उशीजवळून ती काढून त्यांच्या हातात दिली. देसायांनी उलटीसुलटी केली आणि त्यांच्या तोंडून गेलंच, "अहो सर, ही घासली कुणी? साल कुठंय? आता हिला कुणी... म्हणजे, तुमच्याच नियमानं..."

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. दम लागत होता म्हणून थांबून थांबून बोलत होते. "तुमच्या कपाटात ती विंटेजसुद्धा नाही. माझ्याकडं ती अँटिक आहे."

देसायांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, साल होतं, मी स्वतः वाचलंय. हे मी पुन्हा कुठेही, कुणापुढेही सांगेन. देसायांनी चरखी दोन्ही हातांनी परत दिली.

ते गेल्यावर मीही निघाले. शेवटची बस पकडायची नव्हती, घर दोन गल्ल्यांवरच होतं, तरी उगाच घाई करत होते, कारण सरांचा चेहरा मला बघवत नव्हता. उंबऱ्यात पोचले तेव्हा ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, पितळ आहे, हात लागत राहिला की पुन्हा रंग चढेल. मी चप्पल घालता घालता विचारलं, किती दिवस लागतील, सर?

"दिवस कसले, बाई. साठ-सत्तर वर्षं तरी." त्यांनी श्वास घेतला. "घाई कुणाला आहे?"

मी मागे वळून बघितलं. त्यांनी चरखी मांडीवर घेतली होती आणि जिथे साल होतं त्या जागेवरून अंगठा सावकाश फिरवत बसले होते. त्यांना जिवंत पाहिलं ते शेवटचं.